हरीशची पिल्लं

"काल संध्याकाळपर्यंत खात होती गं," परीक्षित म्हणाला. "आता बघ. बसलीत सगळी."

पद्मजाने चपला दारातच काढल्या, तिथे ठेवलेले रबरी बूट चढवले आणि ती शेडमध्ये शिरली. एरवी दार उघडलं की पिल्लांची एक पांढरी लाट शेडच्या पलीकडच्या टोकाला पळायची. आज कुणी पळालं नाही. भाताच्या तुसावर पिल्लं पंख सैल सोडून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. काही मान वाकवून स्वतःच्याच शेपटीखाली टोचत होती. आवाज असा नव्हताच. हजारो पिल्लांच्या त्या शेडमध्ये आज फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

पाण्याच्या लाल-पांढऱ्या भांड्यांभोवती, ड्रिंकरांभोवती, मात्र दाटी होती. पिल्लं पाण्यात चोच बुडवायची आणि तशीच उभी राहायची.

तिने एक मेलेलं पिल्लू उचललं. ते अजून कोमट होतं. बाहेर उन्हात घमेलं उलटं घालून त्यावर तिने ते ठेवलं आणि कात्री मागितली. कातडी बाजूला होताच मांडीवर रक्ताचे फराटे दिसले. मग तिने शेपटीजवळची ती लहानशी गाठ शोधली, जिला डॉक्टर लोक बर्सा म्हणतात. पिल्लाची रोगाशी लढण्याची ताकद तिथे तयार होते. एरवी हरभऱ्याएवढी असते. आता ती पिकलेल्या करवंदासारखी फुगून काळपट झाली होती.

"गंबोरो," ती म्हणाली.

"लस दिली होती आपण. तूच तर दिली होतीस."

"हो."

"मग आला कुठून?"

पद्मजा कात्री पुसत राहिली. नव्व्याण्णव सालचा मार्च नुकताच लागला होता. गेली कित्येक वर्षं ती दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत याच विषाणूचे जीन वाचत होती. हरियाणात कुठे कोंबड्या मेल्या की त्यांच्या बर्सा बर्फात घालून तिच्याकडे यायच्या. त्यातला विषाणू कुठल्या घराण्यातला, त्याच्यात गेल्या वर्षापेक्षा काय बदललं, हे ती शोधायची. पण तिच्या स्वतःच्या दारात तो पहिल्यांदाच आला होता.

"अंड्यातून नाही येत हा," ती म्हणाली. "पण क्रेटवरून येतो, गाडीच्या चाकांवरून येतो, माणसांच्या बुटांवरून येतो. गेल्या आठवड्यात बाहेरचं कोण आलं होतं?"

परीक्षितने मान वर केली. "हरीशची गाडी. दुसऱ्या शेडची पिल्लं घेऊन."

"मी नुसतं विचारतेय."

"त्याच क्रेट घेऊन तो सगळीकडे फिरतो. मला माहीत आहे ना."

तो रस्त्याकडे चालायलाही लागला होता. पद्मजाने हाक मारली, पण तो थांबला नाही. रस्त्यापलीकडे हरीशची हॅचरी होती. थोड्या वेळाने तिकडून परीक्षितचा चढलेला आवाज आला. हरीशचा आवाज मात्र ऐकू आला नाही.

*

परीक्षित देवस्थळीचा जन्म दिल्लीतलाच. वडील केंद्र सरकारात होते, तोही केंद्र सरकारात लागला आणि सेक्शन ऑफिसर झाला. पद्मजा मुंबईहून पशुवैद्यक होऊन, लग्न करून इथे आली. आर. के. पुरममधलं क्वार्टर पुढे तिच्या नावावर मिळालं. चारचौघांसारखा संसार होता. मुलगी संपदा बारावीत होती, आईबापांशी मराठीत बोलायची आणि अडलेला शब्द हिंदीत टाकून पुढे जायची.

नव्वदनंतर दिल्लीचं वारं फिरलं. परीक्षितच्या सेक्शनमधले एक-दोघे नोकरी सोडून खाजगी कंपन्यांत गेले. गुडगावकडच्या रस्त्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, हॉटेलं आली, आणि त्या हॉटेलांना रोज चिकन लागू लागलं. परीक्षित एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "फाइली सरकवत म्हातारा व्हायचं नाहीये मला. तू कोंबड्यांची डॉक्टर, मी कोंबड्यांचा मालक. इससे अच्छा क्या हो सकता है?" पद्मजा हसली होती. पण त्याने खरोखरच राजीनामा दिला आणि गुडगावच्या पलीकडे, धनौली गावाच्या शिवेवर जमीन घेऊन दोन शेड बांधल्या.

त्याला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. शिकवलं ते हरीशने. हरीश धनौलीचाच. त्याची हॅचरी छोटी होती, पण आसपासचे सगळे पोल्ट्रीवाले पिल्लं त्याच्याकडूनच घ्यायचे. ब्रूडरखाली पिल्लं कशी पसरली म्हणजे ऊब बरोबर, तूस मुठीत दाबून ओल कशी ओळखायची, हे त्याने परीक्षितला हाताला धरून दाखवलं. पहिल्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा तो स्वतःच्या शेगड्या घेऊन धावत आला होता. दर होळीला हरीश आणि त्याची बायको पार्वती गुजिया, म्हणजे तिकडच्या करंज्या, घेऊन आर. के. पुरमला यायची.

पद्मजाने स्वतःला काही नियम घालून घेतले होते. प्रयोगशाळेतून थेट फार्मवर जायचं नाही. आजारी पक्षी हाताळला की निदान आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. कपडे वेगळे, चपला वेगळ्या. संपदा तिची चेष्टा करायची, "आई, तू ना अगदी सोवळं पाळतेस." तो एक शब्द बरीक तिला आजीकडून मिळाला होता.

*

आठवडाभरात परीक्षितची पहिली शेड अर्धी रिकामी झाली. मग दुसरी बसली. मेलेली पिल्लं खड्ड्यात टाकून वर माती ओढायची, तोवर शेडमधून पुढची टोपली यायची. नंतर रस्त्याच्या उत्तरेकडच्या फार्मवर रोग गेला, तिथून तळ्याजवळच्या. ज्याच्या त्याच्या तोंडी हरीशचं नाव होतं, कारण ज्याच्या त्याच्या शेडमध्ये हरीशचीच पिल्लं होती.

गावातल्या चौपालीवर बैठक झाली. परीक्षितला त्यांनी आग्रहाने बोलावलं. दिल्लीचा माणूस, शिकलेला, आणि बायको या रोगाची डॉक्टर. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मेरी मिसेस ने खुद कहा है, बीमारी क्रेट से आती है." पुढे फारसं कुणाला काही बोलावं लागलं नाही. हरीशकडून कुणी पिल्लं घ्यायची नाहीत, असं ठरलं.

पद्मजाला हे परीक्षितनेच घरी येऊन सांगितलं, जेवताना.

"मी असं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"क्रेटवरून येतो, म्हणाली नव्हतीस?"

"कशाकशावरून येतो ते सांगत होते मी. हरीशच्या क्रेटवरून आला, असं नाही म्हटलं. तपासल्याशिवाय कसं म्हणेन?"

"मग तपास ना. नमुने नेलेस ना तू? कर सिद्ध." त्याने ताट पुढे सरकवलं. "माझ्या शेडमध्ये एक पिल्लू उभं नाहीये पद्मजा. एकही नाही. आणि तू शब्दांचा कीस काढतेस."

संपदा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

हॅचरीचं असं असतं की यंत्रात घातलेली अंडी थांबत नाहीत. घेणारा असो वा नसो, एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडतंच. हरीशच्या यंत्रांत आधीच घातलेली अंडी होती. पुढच्या शनिवारी पद्मजा फार्मवर गेली, तेव्हा हॅचरीसमोर रस्त्याच्या कडेला क्रेट रचून ठेवलेल्या दिसल्या. आत एका दिवसाची पिवळी पिल्लं होती आणि त्यांचा चिवचिवाट वळणापर्यंत ऐकू येत होता. हरीश येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोंना हात करत होता. कुणी थांबत नव्हतं. झाडाखाली एक पांढरी सुमो मात्र उभी होती. गावातल्या जमिनी विकत घेत फिरणाऱ्या बिल्डरची माणसं. आत बसून ती शांतपणे केळी खात होती.

सोमवारी पिल्लं नव्हती आणि क्रेटही नव्हत्या. हॅचरीमागच्या शेतात ताजी उकरलेली माती होती.

*

एका रविवारी सकाळी क्वार्टरची बेल वाजली. पद्मजाने दार उघडलं. हरीश आणि पार्वती उभे होते. हरीशने दाढी केली होती, इस्त्रीचा कुर्ता घातला होता. पार्वतीने डोक्यावरचा पदर दाताखाली धरला होता.

"भाभीजी, परीक्षित भाई हैं?"

आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला. पद्मजा आत गेली. परीक्षित खाटेवर पाठ करून बसला होता. "मी नाही भेटणार," तो म्हणाला. "सांग त्याला, झोपलाय."

तिने बाहेर येऊन तसं सांगितलं नाही. नुसतंच "बैठिए" म्हणाली. हरीशला कळायचं ते कळलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं.

"मैं उनसे लड़ने नहीं आया," तो म्हणाला. "आपसे पूछने आया हूँ. आप जो जांच करती हो, उसमें पता चल जाता है ना, कि बीमारी किसके घर से चली?"

"काफी हद तक."

"जैसे आदमी का खानदान पता चलता है?"

"हाँ. वैसे ही."

हरीशने पार्वतीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हतो का, असं काहीसं त्या नजरेत होतं. "तो आप कर दो. मेरे यहाँ से निकली हो तो मैं गांव के सामने माफी मांग लूंगा. पर अगर ना निकली हो…" तो थांबला. "सुमोवाले रोज आते हैं. मेरा बड़ा भाई कहता है दस्तखत कर दे. मैंने कहा, भाभीजी की जांच आने दे."

"थोड़ा समय लगेगा," पद्मजा म्हणाली. "मैं पूरी सच्चाई से करूंगी."

"वो तो मुझे पता है जी."

जाताना पार्वती दारात थबकली. येऊन गेलेल्या होळीचा विषय निघाला नव्हता. यंदा गुजिया आल्या नव्हत्या. तिने पद्मजाचा हात क्षणभर दाबला आणि ती नवऱ्यामागे जिना उतरली. दोघं बसस्टॉपकडे चालताना खिडकीतून दिसत होती. परीक्षित केव्हा मागे येऊन उभा राहिला, ते पद्मजाला कळलं नाही.

"काय म्हणाला?"

"माझ्यावर भरवसा आहे म्हणाला," ती म्हणाली.

*

विषाणूचा जीन म्हणजे चार अक्षरांची एक लांबच लांब ओळ. हा विषाणू पिल्लामागून पिल्लू मारत जातो, तशी त्या ओळीची नक्कल होत जाते, आणि नक्कल करताना अक्षरं चुकतात. एखादं इथे, एखादं तिथे. दरवर्षीच्या चुका दरवर्षी साठतात. त्या चुका मोजूनच पद्मजा सांगू शकायची की हा पानिपतकडच्या विषाणूचा पुतण्या, हा राजस्थानातून आलेला. तिची सगळी कारकीर्द त्या चुकांवर उभी होती.

फार्मवरच्या विषाणूच्या कवचाचा जीन तिने वेगळा केला आणि ओळ वाचण्यासाठी दुसऱ्या संस्थेत पाठवला. तिथलं यंत्र मोठं होतं आणि रांगही मोठी होती. एप्रिल उजाडला, तेव्हा कागद आले. तिने अलीकडच्या साथींच्या ओळी शेजारी मांडल्या. एकीशीही नीट जुळेना. गेल्या वर्षीच्या ओळीशी तर अंतर बरंच होतं. परदेशातून आलेला असेल, असं तिला वाटलं. मग ती मागे मागे जात राहिली. शहाण्णव. पंच्याण्णव. त्र्याण्णव.

त्र्याण्णवशी तो जुळला. अक्षराला अक्षर.

तिने पट्टी लावून पुन्हा वाचलं. एकही चूक नव्हती. सहा वर्षं हा विषाणू हरियाणाच्या शेडाशेडांतून हिंडला असता, तर त्याच्या अंगावर सहा वर्षांच्या खुणा असत्या. हा कुठेच हिंडला नव्हता. सहा वर्षं हा थांबलेला होता, आणि विषाणू थांबतो ते फक्त एकाच ठिकाणी. पद्मजाने खुर्ची मागे सरकवली. तिच्या पाठीमागच्या भिंतीला तो मोठा फ्रीझर होता. त्र्याण्णवच्या साथीतला, जुन्या लशीला न जुमानणारा विषाणू त्यात तिनेच ठेवला होता. नव्या लशी कितपत टिकतात हे पाहण्यासाठी तो अधूनमधून बाहेर काढून पिल्लांना देत. शेवटचा प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत झाला होता, आवारातल्या बंद शेडमध्ये.

ती आवार ओलांडून त्या शेडपाशी गेली. शेडचं काम बघणारा मारुती नळावर झाडू धूत होता. मारुती नांदेडकडचा, कुणाच्या तरी ओळखीने दिल्लीत येऊन टिकलेला. तिच्याशी तो मराठीत बोलायचा.

"मारुती, फेब्रुवारीतला प्रयोग संपला, तेव्हा या शेडमधून काय काय बाहेर गेलं?"

"काही नाही मॅडम. पक्षी जाळले. तूस जाळला. बूट फॉर्मलिनमध्ये."

"नीट आठव."

तो आठवू लागला. मग त्याचा चेहरा बदलला. "ड्रिंकर गेले ना. नवे आले म्हणून जुने काढले होते. ते तर तुमचे साहेब घेऊन गेले. तुम्हीच बोललात म्हणाले. मीच गाडीत भरून दिले." तो घाबरला. "धुतले होते मॅडम. सोड्याने चांगले धुतले होते."

पद्मजा नळाच्या कट्ट्यावर बसली. घरी जेवताना ती सहज बोलली होती की प्रयोगशाळेत नवी भांडी आली, जुनी चांगली असून पडून आहेत. एवढंच. नंतर एकदा फार्मवर ती लाल-पांढरी भांडी तिने पाहिलीही होती. "धुतलीस ना?" असं विचारलं होतं, आणि "हो, मग?" असं उत्तर ऐकून ती पुढच्या बोलण्याकडे वळली होती. कुठल्या शेडमधली, हे विचारलं नव्हतं. सोड्याने तो मरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मॅडम, माझी नोकरी…" मारुती म्हणाला.

"तुझं नाव नाही येणार," ती म्हणाली. पण तिच्या हातात ते होतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

*

डायरेक्टर साहेबांनी कागद शांतपणे पाहिले. ते निवृत्तीला आले होते, भले गृहस्थ होते आणि पद्मजाला मुलीसारखं मानायचे.

"इतकं साम्य योगायोगानेही असू शकतं," ते इंग्रजीत म्हणाले.

"सहा वर्षांत एकही बदल नाही, सर?"

त्यांनी चष्मा काढला. "पद्मजा, हे बाहेर गेलं तर प्रयोगशाळेचं काय होईल, तुला कळतं. लोक म्हणतील, सरकारच रोग पसरवतं. इथे काम करणारी माणसं आहेत. आणि ती भांडी कुणी नेली? तुझ्या नवऱ्याने. कुणाच्या सांगण्यावरून? नीट विचार कर." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्र्याण्णवच्या विषाणूशी जवळचं नातं असलेला स्थानिक विषाणू. असं लिही. ते खोटंही नाही."

"त्या गावात एक हॅचरीवाला आहे, सर. लोक त्याला जबाबदार धरताहेत."

"कोण?"

तिने नाव सांगितलं. ते त्यांच्या कानावर नुसतंच पडलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, आवारात कुठेतरी कोंबडा आरवला.

"मी जसं आहे तसं लिहीन, सर," पद्मजा म्हणाली.

"मग मला ते वर पाठवताना माझंही मत लिहावं लागेल."

"लिहा, सर."

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण या माणसापुढे पहिल्यांदाच बसून बोललो होतो, त्यांनी बसायला सांगितलेलं नसताना.

*

परीक्षित रिकाम्या शेडमध्ये होता. तुसाचा थर काढून जमीन उघडी केली होती आणि एका कोपऱ्यात ड्रिंकर एकात एक रचले होते. दुपारच्या उन्हात पत्रे तडतडत होते.

तिने सगळं सांगितलं. सहा वर्षं, फ्रीझर, प्रयोग, मारुती.

"म्हणजे मी आणला," शेवटी तो म्हणाला.

"आपण आणला. मी पाहिली होती ती भांडी."

"तुझी मशीन चुकत नाही?"

"चुकली असती तर बरं झालं असतं."

त्याने पायाने जमीन उकरली. "मी गावासमोर उभा राहून बोललो, पद्मजा. तुझं नाव घेऊन बोललो." मग एकदम म्हणाला, "कुणाला सांगितलंस?"

"सरांना. रिपोर्टमध्ये लिहिणार आहे."

"तो रिपोर्ट इथे कोण वाचणार आहे? फाइलीत जाईल. मी तेच काम केलंय इतकी वर्षं, मला माहीत आहे फाइलीत काय होतं ते." तो तिच्याकडे बघत नव्हता. "नाही सांगितलं तरी कुणाला कळणार नाही."

"हरीश मला विचारायला आला होता," ती म्हणाली. "तू आत बसला होतास."

मग नळावर जाऊन त्याने तोंड धुतलं, केस सारखे केले आणि तो रस्ता ओलांडायला निघाला. पद्मजा त्याच्यामागून गेली.

हॅचरीचं दार सताड उघडं होतं. आत दोघं माणसं पान्याने यंत्रं सोडवत होती. अंड्यांच्या ट्रेचा ढीग अंगणात पडला होता. हरीश खाटेवर बसला होता, त्याच्या शेजारी त्याचा मोठा भाऊ. समोर सुमोवाल्यांपैकी एक जण चहा पीत होता.

परीक्षित त्यांच्यासमोर उभा राहिला. चौपालीवर बोलला होता तितक्याच मोठ्याने बोलला. "हरीश, बीमारी तेरे यहाँ से नहीं आई. मैं लाया था. पद्मजा की लॅब के बर्तन मैं उठा लाया था, उन्हीं से आई. मैंने गलत कहा था. चौपाल पे भी जाके बोलूंगा."

पान्याचा आवाज थांबला. सुमोवाल्याने कप खाली ठेवला. हरीशने परीक्षितकडे पाहिलं नाही. त्याने पद्मजाकडे पाहिलं.

"पक्का, भाभीजी?"

"पक्का."

त्याने मान हलवली. एकदा, पुन्हा एकदा. "परसों बयाना ले लिया मैंने," तो म्हणाला. "कल आ जाते आप लोग, तब भी हो चुका था." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच पद्मजाला तिथे उभं राहवेना. दारातून पार्वती बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आज पदर दाताखाली धरला नव्हता. ती परीक्षितकडे सरळ बघत म्हणाली, "गड्ढा मैंने खोदा था जी. वो जिंदे थे सारे." आणि आत निघून गेली.

*

परीक्षित चौपालीवर गेला. लोकांनी ऐकून घेतलं. काहींनी त्याला शिव्या दिल्या, काहींना ते पटलंच नाही. शहरातली माणसं आपसात काहीतरी साटंलोटं करताहेत, असं त्यांना वाटलं. काही असलं तरी, हरीशचं गिऱ्हाईक परत यायला हॅचरी उरली नव्हती. एकेक करून बाकीचे पोल्ट्रीवालेही जमिनी देऊन मोकळे झाले. पद्मजाचा रिपोर्ट वर गेला, त्यावर डायरेक्टर साहेबांचं मत गेलं, आणि मे महिन्यात तिची बदली विस्तार विभागात झाली, जिथे शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं छापत. मारुतीची नोकरी राहिली. ते एवढंच तिला नीट जमलं.

जूनमध्ये परीक्षितनेही जमीन विकली. ताबा द्यायच्या आधी त्याने फॉर्मलिनची फवारणी केली, मग चुन्याची पोती आणली आणि दोन्ही शेड आतून-बाहेरून रंगवायला घेतल्या. मजूर लावला नाही. पद्मजा सुट्टी टाकून आली. ती ड्रममध्ये चुना कालवून देत होती आणि तो कुंचा घेऊन भिंतीमागून भिंत घेत होता. त्याच्या पापण्यांवर पांढरे थेंब वाळले होते.

बिल्डरचा ठेकेदार बुलडोझरवाल्याला घेऊन जागा बघायला आला होता. तो थोडा वेळ बघत राहिला आणि हसला. "साहब, परसों तो तोड़नी है. पुताई किसलिए?"

"तोड़ोगे तो ईंटें कोई ले जाएगा," परीक्षित म्हणाला. "ले जाके मुर्गी का दड़बा बनाएगा."

ठेकेदाराला ते कळलं नाही. मागच्या माळावर त्याच्या मजुरांच्या झोपड्या आधीच उभ्या राहिल्या होत्या. ताडपत्र्यांच्या मधून दोनचार गावठी कोंबड्या जमीन उकरत हिंडत होत्या, पिल्लं पाठीशी घेऊन. पद्मजा त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

दुपार कलताना हरीश रस्त्याने आला. हातात सायकल होती, कॅरिअरला कसलंसं बोचकं बांधलं होतं. तो गाव सोडून सोहन्याला मेहुण्याकडे राहायला जाणार, असं तिने ऐकलं होतं. फाटकापाशी तो थांबला. परीक्षितचा कुंचा हवेत थांबला.

हरीशने सायकल फाटकाला टेकवली. आत येऊन तो भिंतीपाशी गेला, ओल्या चुन्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्याशी चोळून पाहिलं. जसा पूर्वी तूस बघायचा तसा.

"पतला है," तो म्हणाला. परीक्षितला नाही, पद्मजालाही नाही. भिंतीला म्हणाल्यासारखं. "और डालो. नीचे की तरफ दो हाथ मारना. चूजा नीचे चोंच मारता है."

त्याने बोट धोतराला पुसलं, सायकल घेतली आणि तो निघून गेला.

पद्मजाने नवं पोतं फोडलं आणि चुन्याचे खडे ड्रममध्ये ओतले. पाणी खदखदून वर आलं, वाफेने तिचा चेहरा झाकला. परीक्षित गुडघ्यांवर बसला आणि भिंतीच्या बुडाशी, जिथे पिल्लांच्या चोची पोचत, तिथे पुन्हा कुंचा फिरवू लागला.